शिदोरीचा हिशेब

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपले समीक्षक बहुधा वाटेवरच्या वर्णनापासून आरंभ करतात. लेखकाने काय पाहिले, कसे पाहिले, पाहिलेल्याचे त्याच्या मनात काय झाले, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु निघण्यापूर्वीची जी पाने असतात, ज्यांत गाठोडे बांधले जाते, पैशांची जुळवाजुळव होते, वडीलधाऱ्यांचा निरोप घेतला जातो, त्या पानांकडे आपण प्रस्तावनेकडे पाहावे तसे पाहतो आणि ती भराभर उलटून टाकतो. वास्तविक आपल्या भाषेतील या जातीच्या एका श्रेष्ठ ग्रंथाने ही पाने किती मोलाची असतात हे आपल्याला फार पूर्वीच दाखवून दिले आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मधून घरचे कर्ज आणि घरच्यांची परवानगी ही दोन काढून टाकली, तर उरेल ते सत्तावन सालचे एक बातमीपत्र. वरसईचा हा भिक्षुक कोणत्या विवंचनेपोटी घराबाहेर पडला हे ठाऊक असल्यामुळेच पुढे त्याच्या द्रव्याची लूट होते तेव्हा आपला जीव कळवळतो. पुढच्या काळात तयारीचे हे प्रकरण विनोदाच्या स्वाधीन झाले. 'अपूर्वाई'तील तयारीवर आपण मनमुराद हसलो, आणि ते हसणे खोटे नव्हते. पण जिथे वाटेत दुकान आहे, टपाल आहे, आपली भाषा समजणारा कोणी तरी भेटण्याची आशा आहे, तिथल्या प्रवासाचीच तयारी विनोदाला परवडते, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवले पाहिजे.

जिथे यांतले काहीच नाही अशा मुलखातून अनेक दिवस पायी जावयाचे असेल, तर त्या तयारीचे साहित्यात काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मी आइसलँडच्या मध्यभागातील ज्वालामुखी पठारासंबंधी लिहिलेल्या तीन पुस्तकांच्या आधारे करणार आहे. त्यांतली दोन प्रवासाची आहेत. तिसरी, जिच्याविषयी मला मुख्यतः बोलावयाचे आहे, ती एक लहानशी कथा आहे : गुन्नार गुन्नार्सन या आइसलँडी लेखकाची 'अ‍ॅडव्हेंट'.

प्रथम त्या भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी थरांवर थर साचून तो झाला, आणि माळव्यापासून बेळगावच्या आसपासपर्यंत आपण सारे त्या थंड झालेल्या लाव्हावर शेती करून राहिलो आहोत. काळाने त्याची काळी माती झाली; कड्यांत टाकी खोदली गेली; घाटमाथ्यावर वाड्या वसल्या. आइसलँडचा लाव्हा मात्र या मानाने कालचा आहे. १७८३ साली लाकीच्या भेगांतून जो उद्रेक झाला आणि जो आठ महिने चालला, त्याच्या मागोमाग आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश वस्ती नाहीशी झाली. मधल्या पठारावर कायमची वस्ती नाही. पडलेला पाऊस सच्छिद्र खडकात जिरून जातो, त्यामुळे हिमनद्यांच्या शेजारी कोरडे वाळवंट पसरलेले आढळते. ओदादाह्रॉइन नावाचे जे प्रचंड लाव्हाक्षेत्र तिथे आहे, त्या नावाचा अर्थच दुष्कृत्यांचा लाव्हा असा होतो. गावातून परागंदा झालेले गुन्हेगार तिथे लपत, अशी लोकसमजूत होती. हिमनदीतून निघणाऱ्या प्रवाहांचे पाणी उन्हाने बर्फ वितळेल तसे दुपारनंतर चढते, म्हणून उतार ओलांडावयाचा तो पहाटे. जळण म्हणाल तर झाडच नाही. जुन्या काळी तिथली माणसे माशाच्या कातड्याचे जोडे वापरीत आणि डोंगरवाट किती लांबीची हे ती ओलांडताना किती जोड झिजतील यावरून सांगत. अंतर मोजण्याची ही रीत मला मैल आणि कोस यांपेक्षा पुष्कळच प्रामाणिक वाटते.

अशा मुलखात कवी विल्यम मॉरिस १८७१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तीन सोबत्यांसह गेला. आइसलँडच्या सागा त्याने एइरीकुर माग्नुसन या पंडिताच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या होत्या. आता त्या कथांच्या जागा डोळ्यांनी पाहावयाच्या होत्या. त्याने ठेवलेली रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, १९११ साली, त्याच्या समग्र ग्रंथांत प्रसिद्ध झाली. घोडे, तंबू, वाटाडे, पेट्या यांचा तपशील तीत भरपूर आहे. स्वयंपाक्याचे काम कवीने स्वतःकडे घेतले होते. लंडनहून खाद्यपदार्थांची म्हणून आलेली एक पेटी रेक्याविकला उघडली, तर आत सुगंधी द्रव्ये निघाली! मंडळी पोट धरधरून हसली. हा प्रसंग वाचताना आपणही हसतो. पण हसता येते ते पेटी रेक्याविकमध्ये उघडली म्हणून. तीच पठाराच्या मध्यावर उघडती तर रोजनिशीचा सूर पालटला असता. मॉरिसच्या लेखी तयारी म्हणजे प्रवासी आणि भूमी यांच्यामधली एक भिंत आहे. ती कुठे ढासळली तर मौज वाटते, कारण तिच्यामागे आणखी एक भिंत आहे, आणि तिच्याही मागे बंदरात उभी असलेली बोट आहे.

दुसरे पुस्तक इना फॉन ग्रुम्बको या जर्मन स्त्रीचे, १९०९ सालचे 'ईसाफोल्ड'. १९०७ च्या जुलैत वाल्टर फॉन क्नेबेल हा तरुण भूशास्त्रज्ञ आणि माक्स रुडलोफ हा चित्रकार आस्क्या या ज्वालामुखीच्या कुंडातील सरोवरात घडीच्या कापडी नावेतून गेले आणि परत आले नाहीत. १८७५ च्या उद्रेकानंतर जमीन खचून झालेले ते सरोवर दोनशे मीटरहून अधिक खोल आहे. क्नेबेलशी इनाचा विवाह ठरला होता. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, ती हान्स रेक या भूशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन, घोड्यांवरून, त्या सरोवराच्या काठी जाऊन पोहोचली. शोध केला, हाती काही लागले नाही. दगडांचा एक ढीग रचून त्यावर दोघांची नावे ठेवून ती मंडळी परतली. या पुस्तकातील तयारी वाचताना सुरुवातीला काहीसे अवघडल्यासारखे होते. घोड्यांची निवड, सामानाची वाटणी, वाटाड्याशी बोलणे, सगळे इतक्या शांतपणे लिहिले आहे की शोक कुठे आहे असा प्रश्न पडावा. मग हळूहळू कळते की शोक त्या शांतपणातच आहे. मृताचे करावयाचे जे असते त्यात आपणही दर्भ, तीळ, तांदूळ मोजूनच ठेवतो. ज्याच्यासाठी निघावयाचे तो नाही हे ठाऊक असतानाही तयारी मात्र चोख झाली पाहिजे, असा तो हट्ट आहे. माझ्या मते हे मॉरिसहून गंभीर पुस्तक आहे, जरी गद्य म्हणून मॉरिसचे अधिक रसाळ असले तरी.

या दोन्ही पुस्तकांत बेत ज्याचा त्याचा आहे. आपल्यापाशी किती आहे, ते किती दिवस पुरेल, हा हिशेब करणारा आणि भोगणारा एकच. 'अ‍ॅडव्हेंट'मध्ये नेमकी हीच गोष्ट वेगळी होते.

कथेचा विषय दोन वाक्यांत सांगता येतो. उन्हाळ्यात आइसलँडमधले शेतकरी मेंढ्या पठारावर मोकळ्या सोडतात आणि शरद ऋतूत सगळे मिळून त्या गोळा करून आणतात. तरी काही मागे राहतातच. या मागे राहिलेल्या मेंढ्या शोधण्यासाठी बेनेडिक्ट नावाचा एक साधा माणूस, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, दरवर्षी डिसेंबरात, नाताळाच्या आधीच्या आगमनकाळात, एकटा पठारावर जातो. एकटा म्हणजे लेओ नावाचा कुत्रा आणि एतिल नावाचा एडका बरोबर घेऊन. गावकरी या तिघांना थट्टेने त्रिमूर्ती म्हणतात. बेनेडिक्ट चौपन्न वर्षांचा आहे. पहिल्यांदा गेला तेव्हा सत्तावीसचा होता, आणि यंदाची त्याची ही सत्ताविसावी फेरी आहे. म्हणजे अर्धे आयुष्य झाले. कथेच्या मुळाशी खरा माणूस आणि १९२५ च्या डिसेंबरात घडलेला खरा प्रवास आहे. पुस्तक १९३६ साली निघाले, तेही प्रथम जर्मनमध्ये. लेखक डॅनिशमध्ये लिहिणारा, आणि त्याच्या मायभाषेत ते आले १९३९ साली. मी ते इंग्रजीतून वाचले आहे हे येथे सांगून टाकणे बरे, कारण पुढे भाषांतराविषयीही काही म्हणावयाचे आहे.

पहिल्याच पानावर बेनेडिक्टची पिशवी भरली जाते. खाण्याचे जिन्नस, मोजे, नव्या चामडी जोड्यांचे काही जोड, प्रायमस स्टोव्ह, रॉकेलचा डबा, स्पिरिटची लहान बाटली. बस. ही यादी घाईने वाचून जाणाऱ्याने कथा अर्धीच वाचली असे मी म्हणेन. एकाहून अधिक जोड का? कारण लाव्हाची धार कातडे खाते, आणि वर सांगितलेली जोडे झिजण्याची मोजणी इथे पिशवीत उतरली आहे. स्टोव्ह का? जळणाला काडी मिळणार नाही म्हणून. आणि स्पिरिटची बाटली? आपल्यापैकी ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता त्यांना हे सांगावे लागणार नाही. तो आधी स्पिरिटने तापवावा लागतो, नाहीतर रॉकेल भकाभका काजळी ओकते. गारठलेल्या बोटांनी, जमिनीत खणलेल्या निवाऱ्यात, अंधारात हे करावयाचे आहे. बाटली विसरली तर डबाभर रॉकेल असूनही गरम कॉफी नाही. यादीतली एकेक वस्तू दुसरीला धरून आहे. नको असलेली एकही नाही. ज्याने सव्वीस वेळा पिशवी भरली आहे त्यानेच भरलेली ही पिशवी आहे, हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही.

वस्तूंच्या हिशेबाबरोबर काळाचाही हिशेब आहे. त्या अक्षांशावर डिसेंबराच्या अखेरीस सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजावर असतो. म्हणजे शिदोरी जितक्या दिवसांची, तितक्या तीन-तीन तासांच्या उजेडांचीच ती शिदोरी. एक दिवस वाया गेला तर तो नुसता दिवस जात नाही. त्या दिवसाचे खाणे जाते, तेल जाते, आणि मेंढ्या शोधण्याचा तीन तासांचा उजेड कायमचा जातो.

आता या बेतावर घाला कोण घालतो? आपली अपेक्षा अशी असते की बर्फ, वारा, हिमनदीचे पाणी. ती सगळी येतात आणि लेखक त्यांचे वर्णन अतिशय संयमाने करतो. परंतु बेत पहिल्याने मोडतात ती माणसे. बेनेडिक्ट निघाला आहे हे पाहून इतर शेतकऱ्यांना आपापली राहिलेली कामे आठवतात. आमची जनावरे तेवढी शोधू लागा. तुम्ही नाही तरी तिकडेच चालला आहात. बेनेडिक्टला नाही म्हणता येत नाही. तो त्यांच्याबरोबर हिंडतो, त्याचे दिवस खर्च होतात, आणि एकट्यासाठी मोजून घेतलेली शिदोरी कमी होत जाते. ज्यांची कामे झाली ते उबदार घरी परततात. याची फेरी तर अजून सुरूच व्हावयाची आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे कथेचा गाभा येथे आहे, आणि तो बहुतेक वाचकांच्या हातून निसटतो. त्याला काही अंशी इंग्रजी भाषांतराचे नाव जबाबदार आहे. १९४० साली ते अमेरिकेत 'द गुड शेफर्ड' या नावाने प्रसिद्ध झाले. 'उत्तम मेंढपाळ' म्हटल्यावर बायबल जाणणाऱ्या वाचकाला उत्तर आधीच मिळते. बेनेडिक्ट म्हणजे ख्रिस्त, हरवलेली मेंढी म्हणजे हरवलेला जीव. मग पिशवीत काय होते याची चौकशी कोण करतो? मूळ नावात असे काही नव्हते. 'अ‍ॅडव्हेंट' हे एका काळाचे नाव आहे. गोव्यातील आपल्या ख्रिस्ती बांधवांना तो आगमनकाळ म्हणून परिचित आहे : नाताळापूर्वीचे चार आठवडे, जे सणाचे नव्हेत तर सणाच्या तयारीचे आहेत. लेखकाने आपल्या पुस्तकाला तयारीचे नाव दिले, आणि भाषांतराने ते पुसून फळाचे नाव दिले. रूपक कथेत नाही असा माझा दावा नाही. तिघांना त्रिमूर्ती म्हणणाऱ्या लेखकाला ते हवेच आहे. मात्र रूपकाकडे जाण्याची वाट पिशवीतून जाते. आधी ही भाकरी एका माणसाची आहे हे पटले पाहिजे. मगच ती वाटली गेल्याचा अर्थ लागेल.

येथे एक आक्षेप येतो. आमच्या वाचकमंडळात या पुस्तकावर मी बोललो तेव्हा गणित शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी तो फार चांगल्या रीतीने मांडला. ते म्हणाले, "सर, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने बेत करूच नये. डोंगरात पहिला नियम असा की सोडवायला जाणाऱ्याने स्वतः सोडविण्याजोगे होऊ नये. तुमच्या बेनेडिक्टला शेवटी शोधायला कोणी निघालेच ना?" हे खरे आहे. कथेच्या अखेरीस बेनेडिक्ट परतत नाही म्हणून त्याच नावाचा एक तरुण त्याच्या शोधाला निघतो. म्हणजे एकाच्या औदार्याचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले. हा आक्षेप मला सहजी टाळता आला नाही, आणि अजूनही पुरता टाळता येत नाही.

तथापि एक गोष्ट मी त्यांच्या ध्यानात आणून दिली. लेखकाने हे लपविलेले नाही. बेनेडिक्ट भोळा असता तर गोष्ट सोपी झाली असती. भोळेपणाची कीव करून आपण मोकळे झालो असतो. पण सव्वीस हिवाळे पठारावर काढलेल्या माणसाला एका दिवसाची किंमत कळत नाही असे कसे म्हणावे? देताना आपण काय देतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे. तो चांगला हिशेबी आहे म्हणूनच त्याच्या देण्याला वजन आहे. मॉरिसच्या पेटीतील गफलत ही चूक होती. बेनेडिक्टच्या शिदोरीतील तूट ही चूक नव्हे. पुढे जो तरुण निघतो तोही काही चुकीची भरपाई करावयास निघत नाही. ज्या रिवाजाने म्हातारा सत्तावीस वर्षे निघत आला त्याच रिवाजाने तो निघतो. आजही त्या देशातील शोधपथके बिनपगारी स्वयंसेवकांची आहेत, आणि पठारावर जाणाऱ्याने आपला बेत आधी नोंदवून ठेवावा, म्हणजे वेळ टळल्यास कोठे शोधावे हे कळेल, अशी व्यवस्था आहे. लांडमान्नालोइगारपासून थोर्समोर्कपर्यंतची सुमारे पंचावन्न किलोमीटरांची, बहुधा चार दिवसांत करावयाची उन्हाळी पायवाट आता जगभरच्या हौशी लोकांनी गजबजलेली असते. मुक्कामाच्या झोपड्यांतल्या जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. एवढी व्यवस्था असूनही २००४ च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, त्या वाटेवरच्या एका झोपडीच्या अगदी जवळ येऊन एक तरुण हिमवादळात मरण पावला. वाटेच्या कडेला त्याच्या स्मरणार्थ दगडांचा ढीग आहे. तेव्हा माझ्या स्नेह्यांचा नियम खोटा आहे असे कोणी म्हणू नये.

मला हे पुस्तक इतके का लागले, याचे एक कारण वाङ्मयीन नाही. ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी शाळेची मुले घेऊन मी आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीमार्गे विशाळगडाकडे गेलो होतो. तीन दिवसांचा बेत मी स्वतः आखला होता. फुलस्केप कागदावर रकाने पाडून प्रत्येक टप्प्याची वेळ, प्रत्येकाच्या पाठीवरचे वजन, पोह्यांचे आणि गुळाचे माप, सगळे लिहिले होते; आणि त्याचा मला अभिमान होता हेही कबूल केले पाहिजे. मसाई पठार उतरल्यावर एका वाडीत एक म्हातारे गृहस्थ आडवे आले. त्यांची पाडी रात्रीपासून रानात राहिली होती. घरात दुसरे कर्ते माणूस नव्हते. ते म्हणाले, "मास्तर, पोरं हायती म्हून म्हणतो, घटकाभर त्या वढ्याच्या अंगाला बघू लागतील का?" मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "आजोबा, आम्हाला उजेडात मुक्काम गाठायचा आहे." त्यांनी काही म्हटले नाही. वाट तेवढी दाखविली.

आम्ही मुक्कामी साडेचारला पोहोचलो. अंधार पडावयास पुरे तीन तास अवकाश होता. मुले ओट्यावर बसून गाण्याच्या भेंड्या खेळत होती. रात्री जेवताना आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, त्या आजोबांची पाडी सापडली असेल का हो?" मी त्याला भात वाढला. परतल्यावर पालकांच्या सभेत सहलीच्या नियोजनाची फार वाखाणणी झाली.

याहून अधिक त्यात काही घडले नाही. पण पुढे 'अ‍ॅडव्हेंट' हाती आले, आणि शेतकरी बेनेडिक्टच्या वाटेत आडवे येतात ती पाने वाचू लागलो, तेव्हा तो कागद, ते रकाने आणि साडेचार ही वेळ डोळ्यांपुढे उभी राहिली. माझा बेत कोणीही मोडला नव्हता. त्यात तीन तास शिल्लक होते आणि ते कोणाच्याही उपयोगी पडले नाहीत.

पुस्तक निर्दोष आहे असे मात्र नाही. मधल्या काही पानांत लेखक बेनेडिक्टच्या खांद्यावरून डोकावून आयुष्य, कर्तव्य आणि मृत्यू यांविषयी बोलू लागतो, आणि तो आवाज बेनेडिक्टचा वाटत नाही. ज्याने स्पिरिटची बाटली सांगून एवढे साधले त्याला हे बोलण्याची गरज नव्हती. बर्फाच्या वर्णनात जो संयम आहे तो चिंतनात ढळतो. एडक्याचे आणि कुत्र्याचे स्वभाव मात्र अप्रतिम उतरले आहेत. विशेषतः एतिलचा थंड, न बोलता पुढे चालणारा निग्रह. मुक्या जनावरांकडे पाहण्याची ही दृष्टी पाळीव जनावरांत वाढलेल्या माणसाचीच असू शकते, आणि लेखक खरोखरच पूर्व आइसलँडमधील शेतकरी घरातला होता.

लेखकाच्या चरित्रातील एक अडचणीची गोष्टही झाकून ठेवू नये. १८८९ साली जन्मलेले गुन्नार्सन अठराव्या वर्षी डेन्मार्कला गेले आणि डॅनिशमध्ये लिहून नावारूपाला आले. जर्मनीत त्यांचा वाचकवर्ग फार मोठा होता. १९४० साली ते तिथे व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले आणि त्या दौऱ्यात हिटलरलाही भेटले. ज्याने शेजाऱ्यासाठी शिदोरी रिकामी करणारा माणूस निर्माण केला, त्याला यजमान निवडताना हा विवेक कसा सुचला नाही, हा प्रश्न मला पडतो. कथेच्या गुणावगुणांचा निर्णय त्या भेटीवरून करावा असे मी म्हणणार नाही. पण कथा वाचणाऱ्याने ती भेट विसरून जावी असेही म्हणणार नाही. दौऱ्याच्या आदल्या वर्षी ते मायदेशी परतले होते आणि स्क्रिदुक्लोइस्तुर या ठिकाणी त्यांनी घर बांधले होते. ते पुढे त्यांनी राष्ट्राला दिले. १९७५ साली ते वारले. त्या घरात दर आगमनकाळात 'अ‍ॅडव्हेंट' प्रथमपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचण्याची प्रथा पडली आहे. एका बैठकीत संपेल एवढेच ते पुस्तक आहे. आपल्याकडे पोथी लावतात तसेच हे. मात्र ज्या पोथीचा पहिला अध्याय पिशवीतील सामानाची यादी आहे अशी दुसरी मला ठाऊक नाही.

नवव्या-दहाव्या इयत्तेतील मुलांपुढे हे पुस्तक ठेवावे असे मला वाटते. शिक्षकांनी ते वर्गात घेतले तर एक विनंती आहे : रूपकापासून आरंभ करू नये. फळ्यावर पिशवीतील सहा वस्तू लिहाव्यात आणि प्रत्येक वस्तू का, हे मुलांना विचारावे. मी हा प्रयोग केला. जोड्यांचे उत्तर कोणालाच आले नाही, स्पिरिटचे एका मुलीला आले. तिच्या आजीकडे अजून स्टोव्ह होता. मग मी विचारले की, यातले अर्धे वाटेत देऊन टाकावे लागले तर काय कराल? वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि जे बोलले त्यांचे एकमेकांशी पटले नाही. तास संपला तरी वाद चालू होता.

यंदाच्या पन्हाळ्याच्या सहलीचा कागद मी नुकताच तयार केला. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात दुपारनंतरची जागा कोरी ठेवली आहे, आणि गुळ-पोह्यांचे माप चार माणसांचे अधिक धरले आहे. आमच्या गणिताच्या स्नेह्यांनी तो पाहिला, कोऱ्या रकान्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि खुलासा मागितला. मी पुस्तकच त्यांच्या हाती दिले. दोन महिने झाले, ते परत आलेले नाही; आणि पेन्सिलीचे प्रश्नचिन्हही मी अद्याप खोडलेले नाही.